देवालयाचा खांब आणि भक्ताचे भय

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥



उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातील दाट अरण्यात उळवी हे आपले क्षेत्र आहे. कल्याणातील उत्पातानंतर बाराव्या शतकात अविरळज्ञानी चन्नबसवण्णा आणि त्यांच्यासवे निघालेले शरण वचनांची गाठोडी जिवापाड जपत, पाठलाग चुकवीत या रानात आले. चन्नबसवण्णा येथेच लिंगैक्य झाले. म्हणून दरवर्षी माघ मासात धारवाड, बेळगाव भागांतून भक्तगण बैलगाड्या जुंपून समाधीच्या दर्शनाला येतात. ज्यांनी ही यात्रा केली आहे त्यांना गाड्यांच्या घुंगरांचा नाद आणि रात्रीच्या मुक्कामातील भजने वेगळी सांगावयास नकोत.

या यात्रेच्या दिवसांत एक वृद्ध माउली आम्हांस भेटली. जोयडा तालुक्यातीलच एका लहान वाडीवर तिचे घर. वय पासष्टच्या पुढे. वर्षानुवर्षे पायी उळवीस येणारी ही बाई त्या वेळी मुलाच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पाऊल मोजीत आली. उजव्या खुब्याचा सांधा पार झिजलेला. डॉक्टरांनी सांधा बदलण्याचा सल्ला दिला होता. एका रुग्णालयात तारीखही मिळाली होती. परंतु ऐनवेळी ती दारातून माघारी आली होती. मुलगा म्हणाला, “अप्पाजी, तुम्हीच काही सांगा. ती आमचं ऐकत नाही.”

आम्ही नेहमीचे उत्तर दिले. म्हटले, “अव्वा, लिंगावर भरवसा ठेव. भिऊ नकोस.”

ती शांतपणे म्हणाली, “भरवसा आहे, अप्पाजी. भीतीपण आहे.”

सद्भक्तहो, त्या माउलीच्या या दोन वाक्यांनी आमचे डोळे उघडले. भरवसा असला की भीती उरत नाही, आणि भीती वाटली तर भक्ती कच्ची, असे आपण सहज धरून चालतो. मग ज्याला भय वाटते तो ते मनातच दडपतो. देवापुढे बोलत नाही आणि डॉक्टरांपुढेही बोलत नाही. न बोललेले भय मग रुग्णालयाच्या दारातून माघारी वळवते. म्हणून आम्ही तिला खाली बसवू लागलो, तर तिला खाली बसताच येईना. खुर्ची मागविली, आणि तिचे भय तिच्याच तोंडून ऐकून घेतले. ते तिचे एकटीचे नव्हते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हा प्रसंग येणार आहे, म्हणून या महिन्याचे चिंतन त्याच विषयावर करीत आहोत.

अण्णा बसवण्णांच्या सुप्रसिद्ध वचनात देहाला देवालयाची जागा दिलेली आहे आणि पाय हे त्या देवालयाचे खांब मानलेले आहेत. हे वचन आपण समारंभात गातो. परंतु खांब झिजला तर काय करावयाचे, याचा विचार कितीजण करतात? खुब्याच्या ठिकाणी कंबरेच्या हाडात एक उखळी असते आणि मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात फिरत असतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. ते झिजले की हाडावर हाड घासते, आणि उठणे, बसणे, झोपेत कूस बदलणेही असह्य होते. इंग्लंडमधील जॉन चार्नली या शल्यविशारदाने १९६२ च्या सुमारास धातूचा गोळा आणि विशिष्ट प्लॅस्टिकची वाटी बसवून हा सांधा बदलण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्याच पायावर आजची शस्त्रक्रिया उभी आहे.

“शरीरात परका धातू घातला तर देह अपवित्र होत नाही काय?” असे काहीजण विचारतात. होत नाही. देह पवित्र होतो तो लिंगसंबंधाने आणि आचाराने. हाडाच्या जातीने नव्हे. ज्या चन्नबसवण्णांच्या समाधीपुढे आपण माथा टेकतो, त्यांच्या नावावरील ‘करणहसुगे’ या ग्रंथात देहातील तत्त्वांचा आणि इंद्रियांचा विचार आहे. देह तुच्छ म्हणून टाकून द्यावा, असे शरणांनी शिकविले नाही. शरणांमध्ये वैद्य संगण्णा नावाचे वचनकार होऊन गेले. वैद्यकी हेच त्यांचे कायक होते. रोग्याची सेवा करणाऱ्या डॉक्टराचे कामही कायकच आहे, आणि त्या कायकावर श्रद्धा ठेवणे यात लिंगनिष्ठेला कोठेही बाध येत नाही.

आता त्या माउलीचे पहिले भय. तिला रुग्णालयात सांगण्यात आले होते, “अंगावरचं सगळं काढून ठेवा.” सगळे म्हणजे बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र आणि गळ्यातील इष्टलिंगसुद्धा. का काढावयाचे ते कोणी समजावले नाही, आणि तिनेही विचारले नाही. दीक्षा झाल्यापासून जे अंगावेगळे केले नाही, ते परक्या माणसाच्या सांगण्यावरून ट्रेमध्ये ठेवावयाचे, या विचारानेच ती उठून घरी आली.

यामागचे कारण समजून घ्यावे. शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबविण्यासाठी विजेवर चालणारे उपकरण वापरतात. अंगावर धातू असल्यास त्या ठिकाणी भाजण्याचा धोका असतो. शिवाय सांध्यात जंतू शिरू नयेत म्हणून सारी जागा निर्जंतुक ठेवावी लागते. आपल्या धर्माचा अनादर करावा हा त्यांचा हेतू नसतो.

मग भक्ताने काय करावे? लिंग हरविले म्हणून प्राण देण्यास निघालेल्या भक्तांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. परंतु हरविणे वेगळे आणि सोपविणे वेगळे. तारखेच्या आधीच भूलतज्ज्ञांना आणि परिचारिकेला स्पष्ट सांगावे, “हे आमचे इष्टलिंग आहे, दागिना नव्हे.” चांदीची डबी घरी ठेवून, लिंग स्वच्छ वस्त्रात गुंडाळून शस्त्रक्रिया नसलेल्या बाजूच्या हाताला बांधण्याची परवानगी मिळते का, हे विचारावे. मिळाली तर उत्तम. न मिळाली तर घरातील दीक्षा झालेल्या माणसाच्या हाती लिंग द्यावे. त्याने ते आपल्या छातीशी धरून बाहेर बसावे आणि शुद्धीवर येताच आपल्या डाव्या तळहातावर परत ठेवावे. यात दोष नाही. इष्टलिंग, प्राणलिंग आणि भावलिंग अशी तीन रूपे शरणांनी सांगितली ती याचसाठी. तळहातावरचे लिंग काही घटका दुसऱ्याच्या हाती देता येते. प्राणातले आणि भावातले लिंग कोणाच्याही सांगण्यावरून ट्रेमध्ये ठेवता येत नाही.

दुसरे भय भुलेचे. ती म्हणाली, “अप्पाजी, कमरेत सुई टोचली तर मी जागी राहणार आणि हाडावरचा हातोडा ऐकणार. पुरतं झोपवलं तर आणि तशीच गेले तर शेवटचं नाव तोंडात यायचं राहील.” पाहा, दोन वाटा आणि दोन्हींकडे भय. म्हणून दोन्ही वाटा नीट समजून घेऊ.

कमरेखालच्या भुलेत रुग्णाला बसवून किंवा कुशीवर निजवून पाठ वाकवावयास सांगतात. आधी कातडी बधिर करतात. मग पाठीच्या खालच्या भागात, जेथे मज्जारज्जू संपलेला असतो त्याच्याही खाली, बारीक सुईने औषध सोडतात. काही मिनिटांत पाय उबदार आणि जड होतात, आणि मग दुखणे कळत नाही. मात्र ओढल्याचे, दाबल्याचे जाणवू शकते आणि ठोकण्याचा आवाज ऐकू येऊ शकतो. तो ऐकावयाचा नसेल तर गुंगीचे औषध देता येते. पुष्कळ रुग्ण त्या गुंगीत डुलकी घेतात. काही तासांनी पायांत संवेदना परत येते. रक्तदाब उतरणे, लघवी अडणे, क्वचित नंतर डोके दुखणे हे याचे त्रास आहेत. नसेला कायमची इजा अतिशय विरळा.

ही पद्धत काही कालची नव्हे. जर्मनीतील ऑगस्ट बिअर यांनी १८९८ साली ती प्रथम शस्त्रक्रियेसाठी वापरली आणि मग तिचा प्रयोग स्वतःच्या देहावरही करविला. त्यानंतर त्यांना डोकेदुखीने अंथरूण धरावे लागले होते. आजच्या सुया फार बारीक असल्याने तो त्रास पुष्कळ कमी झाला आहे. दुसऱ्याला जे दिले ते आपल्याही अंगावर घेऊन पाहणारा वैद्य, हेही कायकनिष्ठेचेच उदाहरण म्हणावे लागेल.

पूर्ण भुलेत शिरेतून औषध देऊन झोपवितात आणि श्वासमार्गात नळी घालून श्वास सांभाळतात. काही कळत नाही, काही आठवत नाही. जागे झाल्यावर घसा खवखवणे, मळमळणे, थंडी वाजणे हे त्रास होऊ शकतात. वृद्धांना एकदोन दिवस गोंधळल्यासारखे होऊ शकते. पण ते कमरेखालच्या भुलेनंतरही होऊ शकते. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत, ज्यांच्या पाठीत व्यंग किंवा जंतुसंसर्ग आहे, त्यांच्यासाठी बहुधा हाच मार्ग राहतो.

यांपैकी श्रेष्ठ कोणती? सांधा बदलताना अनेक भूलतज्ज्ञ कमरेखालची भूल पसंत करतात, कारण पहिले काही तास वेदना कमी राहतात. परंतु दुसरी वाट म्हणजे मरणाची वाट, असे मुळीच नाही. २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खुब्याचे हाड मोडलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १६०० रुग्णांपैकी निम्म्यांना एक भूल आणि निम्म्यांना दुसरी, अशी विभागणी होती. साठ दिवसांनी जे दगावले किंवा ज्यांना दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय चालता येईना, त्यांचे प्रमाण दोन्ही गटांत शंभरात सुमारे अठरा असेच निघाले. हाड मोडलेला रुग्ण आणि ठरवून सांधा बदलणारा रुग्ण यांत फरक आहे. मोडलेल्याची प्रकृती बहुधा अधिक नाजूक असते. तरीही बोध स्पष्ट आहे. या निवडीत एकीकडे पुण्य आणि दुसरीकडे पाप नाही. आपली पाठ, आपले हृदय, आपली औषधे आणि आपले मन या चारही गोष्टी भूलतज्ज्ञांपुढे उघड ठेवून, दोघांनी मिळून ठरवावयाची ही गोष्ट आहे.

आता राहिला शेवटच्या नामाचा प्रश्न. सद्भक्तहो, आपण रोज रात्री लिंग अंगावर ठेवून झोपतो. गाढ झोपेत कोणता भक्त नामस्मरण करतो? तरी त्या झोपेत आपला लिंगसंबंध तुटला असे आपण कधी मानले आहे काय? आयुष्यभर केलेले स्मरण अखेरच्या एका श्वासात तोंडी आले नाही म्हणून वाया जाते, असे मानणे म्हणजे परमात्म्याला हिशेबनीस समजणे होय. “पूर्ण भुलेत श्वासदेखील यंत्र घेते, मग प्राणलिंग कोठे राहिले?” असेही कोणी विचारील. यंत्र हवा देते. प्राण देत नाही. आणि आपण निजलेले असताना भूलतज्ज्ञ आपल्या उशाशी जागा असतो, आपला प्रत्येक श्वास आणि नाडीचा प्रत्येक ठोका पाहत असतो. आपल्यासाठी कोणी जागे राहणे हाही एक दासोहच आहे. तो स्वीकारताना संकोच कशाला?

भय वाटणे लाजिरवाणे नाही, यासाठी एक उदाहरण सांगतो. १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या महात्मा गांधींना अपेंडिक्सच्या विकाराने पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले. १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी डॉक्टरी विद्येवर कठोर टीका केलेली होती. तरी १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांना शस्त्रक्रियेस संमती देणाऱ्या पत्रावर त्यांनी सही केली. सही करताना हात थरथरत होता आणि ते त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. क्लोरोफॉर्म देऊन शस्त्रक्रिया चालू असता विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपल्या बेळगावात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. हात थरथरला तो अशक्तपणाने असो वा आणखी कशाने. थरथरत्या हाताची सहीही सहीच असते.

तेव्हा ज्यांच्या घरी हा प्रसंग आहे त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या यांची यादी घेऊन भूलतज्ज्ञांकडे जावे. आपल्या रानात मिळणारी झाडपाल्याची औषधे घेत असाल तर तीही सांगावीत. काहींचा परिणाम रक्तस्रावावर होतो. तंबाखू व मिस्री सोडावी. हलणारे दात, कवळी यांची कल्पना द्यावी. त्या दिवशी साधारणपणे सहा तास आधी अन्न बंद आणि दोन तास आधी पाणीही बंद असते, कारण पोटातले वर येऊन फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. म्हणून पहाटेच्या पूजेनंतरचा प्रसाद त्या दिवशी घेऊ नये आणि पादोदकही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. “तीर्थाने काय होते?” म्हणून लपवून घेऊ नये. त्या दिवशी संयम हाच प्रसाद.

नंतरचे एक सांगितले पाहिजे. नवा सांधा निखळू नये म्हणून जमिनीवर मांडी घालून बसणे बहुधा बराच काळ बंद असते; पुढेही शल्यविशारद सांगतील तसेच वागावे लागते. “मग शिवपूजा कशी करावी?” खुर्चीवर बसून करावी. लिंग डाव्या तळहातावर असावे आणि दृष्टी लिंगावर असावी. आसन जमिनीवर की खुर्चीवर, हे लिंग विचारीत नाही.

शेवटी त्या माउलीविषयी. ती पुन्हा गेली. बेळगावच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांशी तासभर बोलली आणि कमरेखालची भूल तिने निवडली. जागेपणी मंत्र म्हणत राहावयाचे असे तिने ठरविले होते. प्रत्यक्षात वयोमानाने पाठीचा कणा इतका ताठरला होता की दोनदा प्रयत्न करूनही सुई जागेवर जाईना. डॉक्टरांनी थांबून तिला विचारले, “आजी, आता झोपवावं लागेल. चालेल ना?” जिचे तिला सर्वांत जास्त भय होते तेच समोर आले. तिने मान हलविली.

महिन्याभराने वॉकर धरून ती मठात आली. आम्ही विचारले, “अव्वा, त्या वेळी काय वाटलं?” ती म्हणाली, “पंचाक्षरी सुरू केली होती, अप्पाजी. ‘नमः’पर्यंत आठवतंय. डोळे उघडले तेव्हा मुलाने हातावर लिंग ठेवलं होतं. मग उरलेलं म्हटलं.”

यावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. प्रत्येकाची शस्त्रक्रिया अशीच यशस्वी होईल, असेही आम्ही म्हणत नाही. धोका असतो, आणि गुरूचा आशीर्वाद तो धोका पुसून टाकीत नाही. हे देवालय एक दिवस पडणारच आहे. पण पडेपर्यंत त्याचा खांब दुरुस्त करून घेणे हे भक्ताचे कर्तव्य आहे, आणि दुरुस्तीच्या वेळी वाटणारे भय गुरूपुढे, डॉक्टरांपुढे, घरच्यांपुढे मोकळेपणी बोलून दाखविणे हाही भक्तीचाच भाग आहे. ज्यांची तारीख जवळ आली असेल त्यांनी निःसंकोच मठात यावे. येथे खुर्ची ठेवलेली आहे.

सर्वांचे कल्याण होवो. शरणु शरणार्थी.